छतावरचा अडुसष्ट

रविवारी सकाळी सगळं लिटल फोर्क गाव चर्चला जायच्या गडबडीत असताना हॉइट सिगमन आपल्या कोंबड्यांच्या शेडच्या छतावर चढला. चढता चढता त्याने बायकोला सांगितलं, "देव मला ओळखतो. एक रविवार दिसलो नाही तर चौकशी करणार नाही."

"देव नाही करणार," नेड्रा खालून म्हणाली, "पास्टर करतील. त्यांना काय सांगू?"

"सांग, हॉइट श्रद्धेचंच काम करतोय."

श्रद्धेचं काम म्हणजे रंगकाम. शेडचं पत्र्याचं छत हमरस्त्याच्या वळणावर होतं. गावात येणाऱ्याला आधी हॉइटचं छत दिसायचं, मग गाव. त्या छतावर पांढऱ्याशुभ्र रंगात घराएवढा अडुसष्टचा आकडा काढायचा, असं हॉइटने ठरवलं होतं. अडुसष्ट हा वेस पार्डूच्या शर्यतीच्या गाडीचा नंबर. पार्डू शेजारच्याच गावचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. लिटल फोर्कमध्ये पार्डूबद्दल वाईट बोलायची परवानगी फक्त त्याच्या आईला होती.

शर्यतींचा मोसम आज संपत होता आणि प्लेऑफ, म्हणजे निवडक गाड्यांच्या विजेतेपदासाठीच्या शर्यती, पुढच्या रविवारी सुरू होणार होते. प्लेऑफच्या सोळा जागांपैकी पंधरा भरल्या होत्या. सोळाव्या जागेवर दोघांचा डोळा होता. एक पार्डू, आणि दुसरा एकोणनव्वद नंबरच्या गाडीचा ट्रे हॅलोरन. हा हॅलोरन कॅलिफोर्नियाचा. दात फार पांढरे, आणि लिटल फोर्कच्या मते तेवढंच त्याचं कर्तृत्व. पार्डू थोड्याच गुणांनी पुढे होता.

"शर्यत दुपारी आहे," नेड्रा म्हणाली. "तो आत जातोय की नाही ते कळू दे, मग रंगव."

"संध्याकाळी पाऊस सांगितलाय. रंग वाळायला नको?"

"आणि नाही गेला आत तर?"

हॉइटने वरून तिच्याकडे दयेने पाहिलं. "नेड्रा, सूर्य उगवतोय की नाही याची वाट बघून तू कोंबड्यांना दाणे टाकतेस का?"

हॉइटच्या स्वभावाचा ताळेबंद मांडला, तर जमेच्या बाजूला भरवसा आणि नावेच्या बाजूलाही भरवसाच. एकदा तो टेनेसीला म्हणून निघाला आणि व्हर्जिनियात पोचला, तर उतरल्या उतरल्या म्हणाला, "टेनेसीपेक्षा हे बरं." 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्याने उभ्या आयुष्यात एकत्र उच्चारले नव्हते. सुटे सुटे उच्चारले असतील.

पण त्याच्याकडे एक खरी मिळकत होती, आणि ती म्हणजे नाव. गेले चार मोसम पार्डूने एकही शर्यत जिंकली नव्हती. त्या चार वर्षांत गावातल्या बऱ्याच जणांनी अडुसष्टच्या टोप्या हळूच कपाटात ठेवल्या आणि मासेमारीच्या नाही तर बी-बियाण्याच्या टोप्या घालायला सुरुवात केली. हॉइटने टोपी उतरवली नाही. तिचा रंग उडाला, शिवण उसवली, नेड्राने दोनदा ती कचऱ्यात टाकली आणि दोन्ही वेळा हॉइटने ती काढून आणली. टोपी फिरवणारा माणूस ही त्या भागातली सगळ्यात मोठी शिवी होती. तिथे माणूस एक वेळ बायको बदलेल, पण गाडीचा नंबर बदलणार नाही. "निष्ठा बघायची तर हॉइटची बघा," असं खुद्द पास्टर हफमन एकदा प्रवचनात म्हणाले होते, आणि ते वाक्य हॉइटने जपून ठेवलं होतं.

त्या नावावरच त्याने पैज लावली होती. नेड्राचा भाऊ व्हर्नन ट्राउटमन हा गावातला एकुलता एक हॅलोरनवाला. तो असा का निघाला हे त्याच्या आईलाही सांगता आलं नव्हतं. ईस्टरच्या जेवणात दोघांचं ठरलं होतं, की ज्याचा गडी बाहेर राहील त्याने दुसऱ्याची टोपी घालायची. दहा आठवडे, म्हणजे प्लेऑफ संपेपर्यंत. चर्चमध्ये प्रार्थनेपुरती काढायची, बाकी नाही.

"दहा आठवडे तुझ्या डोक्यावर अडुसष्ट," हॉइट तेव्हा म्हणाला होता. "टाळूला सवय लावून ठेव."

तर हॉइटने कमरेला दोर बांधला, दोराचं दुसरं टोक आढ्यावरून पलीकडे सोडून ट्रकच्या हुकाला अडकवलं, आढ्यावर ऐसपैस मांडी घातली आणि लांब दांड्याच्या रोलरने खाली उतारावर आकडा काढायला घेतला. चर्चची घंटा वाजली तेव्हा सहा झाला होता. पहिलं भजन सुरू झालं तेव्हा आठही झाला. आढ्यावर बसून त्याने आपल्या कामाकडे पाहिलं. सुबक, ठसठशीत, बघत राहावं असा अडुसष्ट. मग तो मागच्या बाजूने उतरला, ब्रश धुतले आणि घरात जाऊन पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही खायला बसला.

आता तुम्ही इंग्रजीत 68 लिहा आणि कागद उलटा धरा. हॉइट आढ्यावर बसून रस्त्याकडे तोंड करून रंगवत होता, म्हणजे आकडा त्याला सुलटा दिसत होता. पण आकडा वाचणारे आढ्यावर बसलेले नसतात. ते रस्त्यावरून जातात. चर्च सुटलं, गाड्यांची रांग वळणावर आली, आणि सगळ्या गावाने वर पाहिलं. हॉइट सिगमनच्या छतावर, घराएवढ्या पांढऱ्याशुभ्र आकड्यांत, 89.

पुढची गाडी इतकी अचानक थांबली की मागच्या तिघांना ब्रेक दाबावे लागले.

नेड्रा घरी आली तेव्हा हॉइट टीव्हीसमोर खुर्ची सरकवत होता.

"हॉइट, तो छतावरचा आकडा..."

"शू!" हॉइटने हात वर केला. "शर्यत संपेपर्यंत आकड्याबद्दल एक अक्षर नाही. अपशकुन होतो."

"अरे, पण तो..."

"नेड्रा! ज्या वर्षी तू आकडा काढलास त्या वर्षी त्याचं इंजिन फुटलं."

"मी दुधाच्या बिलाचा आकडा काढला होता."

"आकडा तो आकडा."

नेड्राने हातातली पर्स ठेवली, चपला काढल्या आणि शेवटचा प्रयत्न केला. "मग नंतर म्हणू नकोस, सांगितलं नाही म्हणून."

"नाही म्हणणार."

"शपथ?"

"शपथ. जा, गोड चहा कर."

नेड्रा चहा करायला गेली. तिचा चेहरा त्या वेळी हॉइटने पाहिला असता तर त्याला काही तरी कळलं असतं. पण बायकोचा चेहरा वाचायचा सराव त्याने केव्हाच सोडला होता.

तेवढ्यात फोन वाजला. कॉय बोलिक होता. हॉइटचा शाळेपासूनचा मित्र, पक्का पार्डूवाला.

"हॉइट, मी आत्ता तुझ्या छताखालून आलो."

"मग? कसं वाटलं?"

"कसं वाटलं काय विचारतोस? पोटात गोळा आला माझ्या."

"येणारच! एवढा मोठा आकडा आपल्या भागात काढलाय का कुणी?"

"तू शुद्धीत होतास ना?"

"इतका शुद्धीत मी लग्नातसुद्धा नव्हतो."

कॉयचा आवाज कापरा झाला. "अरे, पार्डू हरायचा तेव्हा आपण एका टेबलावर बसून रडलोय रे."

"म्हणूनच तर काढला! मनात आहे ते छतावर. लपवायचं कशाला?"

"म्हणजे... आधीपासून मनात होतं?"

"पहिल्या दिवसापासून!"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

"भारावला बिचारा," हॉइट नेड्राला म्हणाला. "बोलताच येईना त्याला."

त्यानंतर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या अर्लीनबाईंचा फोन आला. मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन, एवढंच त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी नको, पार्डूसाठी करा," हॉइट म्हणाला. "लाज नाही तुला?" असं म्हणून त्यांनीही फोन ठेवला. शर्यतीच्या दिवशी बायका फार हळव्या होतात, असा निष्कर्ष हॉइटने काढला.

व्हर्नन आला तो नेहमीप्रमाणे मागच्या पायवाटेने. त्याचं घर मागच्या शेतापलीकडे, चर्चला जायची वाटही तिकडूनच, त्यामुळे त्याला रस्त्याची बाजू दिसायचा प्रश्न नव्हता. डोक्यावर एकोणनव्वदची कोरी करकरीत टोपी आणि हातात उकडलेल्या खाऱ्या शेंगांचं पातेलं.

"शेंगा?" हॉइट खुर्चीतून उठला. "शर्यतीच्या दिवशी? टरफलासकट?"

"भूक लागते रे."

"अख्ख्या जगाला माहितीये, शर्यतीच्या दिवशी टरफलातली शेंग म्हणजे अवदसा! मुद्दाम आणल्यास तू!"

"माझा गडी पण धावतोय ना? अवदसा काय टोपी बघून येते का?"

"तुझ्या गड्याला वेगळ्या अवदसेची गरज नाही. पातेलं बाहेर."

पातेलं पायरीवर गेलं आणि शर्यत सुरू झाली. साडेतीन तास दोघे मेव्हणे एकमेकांशी बोलले नाहीत, फक्त टीव्हीशी बोलले. पार्डू मागे पडला, पुढे आला, एका गाडीला घासला, खड्ड्यात ट्रॅक्टर अडकावा तसा टायर बदलायला अडकला आणि पुन्हा सुटला. हॅलोरन त्याच्या आगे-मागे घोटाळत राहिला. शेवटच्या फेरीत पार्डू एका निळ्या गाडीच्या नाकापुढून निसटला. निळ्या गाडीच्या मागोमाग हॅलोरन. समालोचकाने हिशोब केला, पुन्हा केला, आणि ओरडला. सोळावी जागा वेस पार्डूची. एका गुणाने!

हॉइट ओरडला नाही. खुर्चीतच बसून राहिला आणि डोळे पुसले. मग उठून त्याने टीव्ही बंद केला. "बस. आता यापुढे काही बघायचं राहिलं नाही."

व्हर्ननने आपली टोपी काढून टेबलावर ठेवली. हॉइटने खास या क्षणासाठी आणलेली अडुसष्टची नवी टोपी त्याच्या डोक्यावर चढवली आणि मागचा पट्टा स्वतःच्या हाताने आवळला. "छान दिसतोस. माणसात आल्यासारखा."

"दहा आठवडे," व्हर्नन पुटपुटला.

"हॉइट," नेड्रा म्हणाली, "शर्यत संपली. आता सांगू का?"

"आता सांगायचं काही नाही, नेड्रा, आता फक्त साजरं करायचं!" असं म्हणून तो ओसरीवर गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी शर्यतींच्या नादातल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असते. शर्यत संपली म्हणजे निकाल लागला असं नाही. संपल्यावर गाड्या तपासायला नेतात. उंची मोजतात, वजन करतात, खालून वरून बघतात. तपासनिसांनी मान हलवल्याशिवाय जुना जाणता माणूस आनंद करत नाही. हॉइट जुना आणि जाणता दोन्ही होता. पण त्याने टीव्ही बंद केला होता.

तिकडे त्या निळ्या गाडीचा मागचा पंखा, म्हणजे शेपटीवरची आडवी पट्टी, नियमापेक्षा बोटभर जास्त कललेला निघाला आणि गाडी बाद झाली. तिच्या मागचे सगळे एकेक जागा वर सरकले. हॅलोरनला एक गुण मिळाला आणि तो पार्डूच्या बरोबरीला आला. बरोबरी झाली की वर्षभरातली सगळ्यात चांगली शर्यत बघतात. हॅलोरन एकदा दुसरा आला होता, पार्डू तिसऱ्याच्या वर कधी गेला नव्हता. सोळावी जागा हॅलोरनची झाली. पार्डूने काही केलं नव्हतं, हॅलोरननेही काही केलं नव्हतं. पाप निळ्या गाडीचं होतं आणि शिक्षा लिटल फोर्कला झाली.

शहरातल्या वाहिनीची एक बातमीदार मुलगी गावाचा जल्लोष टिपायला निघाली होती. अर्ध्या वाटेत तिला ही बातमी कळली, तेव्हा तिने ठरवलं, जल्लोष नाही तर रडारड टिपू. वळणावर आली आणि तिला छत दिसलं. तिने कॅमेरावाल्याला आधी ते रस्त्यावरून टिपायला लावलं, मग दोघे शेडला वळसा घालून मागे घराच्या ओसरीवर आले.

"ते छत तुम्ही रंगवलंत?"

"या दोन हातांनी," हॉइट म्हणाला आणि पोट आत घेतलं.

"शर्यतीच्या आधी?"

"न्याहारीच्या आधी!"

"सगळं गाव दुसरीकडे असताना?"

गाव चर्चला गेलं होतं, हे हिला कसं कळलं, याचं हॉइटला कौतुक वाटलं. "गावाचं गावापाशी. मी माझ्या श्रद्धेला जागलो."

"तिकडे गावात लोक रडताहेत."

"रडणारच! मीही रडलो. माणसाने अशा वेळी रडावं."

"इतकी खात्री कशी होती तुम्हाला?"

"बाई, गाडी गाडीवाल्यावरून ओळखायची असते. बाकीचे बघतात मागे काय झालं. मी बघतो पुढे काय होणार."

"आणि हे कोण?" तिने व्हर्ननकडे बोट केलं. तो पायरीवर शेंगांच्या पातेल्याशेजारी बसला होता, अडुसष्टची टोपी डोळ्यांवर ओढून.

"माझा मेव्हणा. चुकीच्या माणसावर जीव टाकला, आता भोगतोय." हॉइट मोठ्या मनाने म्हणाला, "त्याला जास्त विचारू नका. ताजी जखम आहे."

कॅमेरा व्हर्ननच्या टोपीवर गेला, तिथून गालावर आणि गालावरच्या ओघळावर. मग मुलगी म्हणाली, "धन्यवाद, सिगमनसाहेब," आणि दोघे आले तसे गेले.

सहाच्या बातम्या लावायच्या म्हणून हॉइटने टीव्ही पुन्हा सुरू केला. पहिल्यांदा छत दिसलं. हॉइटने मान आधी उजवीकडे कलती केली, मग डावीकडे.

"कॅमेरा उलटा धरलाय गाढवांनी," तो शेवटी म्हणाला.

"मग झाडं सुलटी कशी?" नेड्राने विचारलं.

हॉइटने झाडांकडे पाहिलं. झाडं सुलटी होती. रस्ताही खाली होता आणि आभाळ वर. मग निवेदकाने निळ्या गाडीची बातमी सांगितली, हॅलोरनचं नाव घेतलं आणि म्हणाला, "सगळं लिटल फोर्क आज दुःखात बुडालं आहे. फक्त एका माणसाने हे आधीच ओळखलं होतं." त्यापाठोपाठ पडद्यावर हॉइट, पोट आत घेऊन: 'गावाचं गावापाशी. मी माझ्या श्रद्धेला जागलो.'

"तू मला सांगितलं नाहीस!" हॉइट ओरडला.

शपथ कुणी घेतली होती हे दोघांनाही आठवत होतं.

व्हर्ननच्या डोक्यात मात्र आत्ता कुठे प्रकाश पडत होता. "म्हणजे... माझा गडी आत गेला?" तो सावकाश म्हणाला. "म्हणजे मी जिंकलो?"

हॉइट भरवशाचा माणूस होता तसा शब्दाचाही पक्का होता. त्याने आपली विटकी टोपी काढून खुंटीला लावली, टेबलावरची व्हर्ननची एकोणनव्वदची टोपी उचलली आणि डोक्यावर घातली. व्हर्नन हसत हसत स्वतःच्या डोक्यावरची अडुसष्टची टोपी काढायला गेला, तोच त्याच्या खिशातला फोन वाजला.

"व्हर्नन, बाळा," अर्लीनबाई होत्या. "टीव्हीवर बघितलं तुला. काळीज तुटलं रे. आम्हाला वाटायचं तू त्या कॅलिफोर्नियावाल्याचा. आणि ऐन दुःखाच्या वेळी तू आमच्या पार्डूची टोपी घालून रडत होतास! मी केळ्याचं पुडिंग घेऊन येतेय. उद्या कॉयची बायको देणारे."

व्हर्ननचा टोपीकडे गेलेला हात तिथेच थांबला. केळ्याच्या पुडिंगपुढे व्हर्नन लहानपणापासून कमजोर. त्याने पट्टा जरा सैल केला आणि टोपी नीट बसवली.

सोमवारी सकाळी हॉइट न्याहारीला मेव्हिसच्या हॉटेलात गेला. त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर कॉयने हत्यारांची पेटी ठेवली होती. मेव्हिस रोज कॉफी ओतताना "काय रे राजा" म्हणायची. आज तिने नुसती कॉफी ओतली, तीही बशीत. कोपऱ्यात व्हर्नन बसला होता, पुढ्यात कुणी तरी पाठवलेलं पुडिंग घेऊन, आणि लोक येता-जाता त्याच्या पाठीवर हात ठेवत होते.

हॉइट उभा राहिला. जन्मात न बोललेली गोष्ट तो आज बोलणार होता.

"ऐका सगळे. माझं... माझं चुकलं. मी अडुसष्टच काढला होता. आढ्यावर बसून काढला, म्हणून उलटा झाला."

मग कॉय म्हणाला, "हॉइट, दुसरं काही तरी सांग. इतका मूर्ख कुणी नसतो."

"मी आहे!"

"तू? तू टीव्हीवर म्हणालास पुढचं दिसतं तुला. मी फोनवर विचारलं तर म्हणालास पहिल्या दिवसापासून मनात होतं. आणि ही डोक्यावर काय आहे?"

हॉइटने डोक्याला हात लावला. "ही पैजेची. व्हर्ननला विचारा! व्हर्नन, सांग ना यांना!"

सगळे व्हर्ननकडे वळले. व्हर्ननने चमचा खाली ठेवला, हॉइटकडे पाहिलं, मग पुडिंगकडे पाहिलं. "आत्ता मला त्या विषयावर बोलवत नाही," तो जड आवाजात म्हणाला.

"बघ, काय केलंस त्याचं," मेव्हिस म्हणाली.

"मी आजच पुसून टाकतो ते छत!"

"पूस ना," कॉय म्हणाला. "आज हा, उद्या तो. एकदा टोपी फिरवली की दुसऱ्यांदा फिरवायला सोपं जातं."

हे ऐकल्यावर हॉइटला पुसताही येईना. तसाही आठवडाभर पाऊस लागला होता आणि ओल्या पत्र्यावर चढायची सोय नव्हती. एकोणनव्वद छतावर राहिला. हॉइट दुकानात गेला की बोलणं थांबायचं. घरी आला की मागच्या पायवाटेने पुडिंग खाऊन सुखावलेला व्हर्नन यायचा आणि म्हणायचा, "सांगतो रे त्यांना, सांगतो. हे भांडं संपू दे."

पुढच्या रविवारी प्लेऑफची पहिली शर्यत. व्हर्नन शर्यत बघायला हॉइटकडेच आला. पडदे ओढून घेतल्यावर दोघे कुठे जरा मोकळे झाले होते. हॅलोरन पहिल्या पाचात धावत होता, व्हर्नन मनापासून टाळ्या पिटत होता आणि हॉइट मनापासून शिव्या देत होता. तेवढ्यात दार वाजलं. पास्टर हफमन दारात उभे, हातात झाकलेलं मोठं भांडं.

"नेड्रा, आत येऊ का? एक भाऊ दुःखात आहे आणि एक वाट चुकलाय. म्हटलं दोघांना एकत्रच भेटावं."

"या की पास्टर," नेड्रा म्हणाली. तिने त्यांना बरोबर दोघांच्या मधली खुर्ची दिली.

पास्टरनी भांडं मांडीवर घेतलं. व्हर्ननच्या टोपीवरचा अडुसष्ट पाहून मायेने मान हलवली, हॉइटच्या टोपीवरचा एकोणनव्वद पाहून उसासा सोडला. व्हर्ननने टाळ्या थांबवल्या. हॉइटने शिव्या गिळल्या. आता जे काही व्हायचं ते आतल्या आत व्हायचं होतं.

आणि तेव्हाच टीव्हीवर, वळण घेताना हॅलोरनच्या गाडीचा पुढचा टायर फुटला. गाडी भिंतीवर आपटली, भिंत घासत फर्लांगभर गेली आणि धुराच्या ढगात थांबली. हॅलोरन खिडकीतून धडधाकट बाहेर आला आणि त्याने ते पांढरेशुभ्र दात दाखवत हात हलवला. गाडीचं मात्र नाक, कान, सगळं गेलं होतं.

व्हर्ननच्या घशाशी हुंदका आला. पण शेजारी पास्टर होते, डोक्यावर अडुसष्ट होता आणि भांडं अजून उघडायचं होतं. पार्डूवाल्याने अशा वेळी काय करायला हवं, ते त्याने केलं. "हा हा," तो म्हणाला. हसला नाही, म्हणाला.

हॉइटची स्थिती त्याहून बिकट होती. आठवड्याभराचं हसू एकदम वर आलं. त्याने ओठ चावले, मांडीला चिमटा काढला. शेवटी काही चालेना तेव्हा दोन्ही हातांनी तोंड झाकून गुडघ्यांवर ओणवा झाला. त्याची पाठ गदगदा हलत होती. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं.

पास्टर हफमननी मांडीवरचं भांडं खाली ठेवलं. मग त्यांनी एक हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"पुरे, हॉइट, पुरे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आम्ही तुला ओळखायला चुकलो. माणूस चुकीच्या गाडीवर असेल, पण अशी माया ढोंगी माणसाला करता येत नाही. मी गावात सांगेन सगळ्यांना." त्यांनी मान वळवली. "आणि व्हर्नन, तू हसतोस? दुसऱ्याच्या पडत्या काळात? पार्डूवाल्याला शोभतं हे? बघ याच्याकडे आणि शीक जरा. निष्ठा म्हणतात ती ही."

असं म्हणून त्यांनी व्हर्ननसाठी आणलेलं भांडं उचललं आणि हॉइटच्या मांडीवर ठेवलं. हॉइटची पाठ आणखीनच जोरात हलू लागली.